सरकारी माणसाला काय सांगायचं

लेटा स्टिडमच्या अर्जात खोट काढणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं, असं निदान लेटाचं मत होतं. टेनेसीतल्या अणुप्रयोगशाळेतली नोकरी हातात होती. फक्त सरकारी पडताळणी बाकी होती. तिने दहा वर्षांचे सगळे पत्ते तारखांसकट लिहिले, गाडी जोरात हाकल्याचा एकुलता एक दंडही लिहिला. प्रत्येक पत्त्याला एक साक्षीदार दिला. केंटकीच्या डोंगरातल्या जुन्या घराला शेजारची ओपलमावशी. आईवडील गेले, घरही पडलं, त्यामुळे ती अठरा वर्षं तिथे राहिली हे सांगणारे आता शेजारीच.

तिने आधी फोनसुद्धा केला. "मावशी, सरकारी माणूस येईल, माझी चौकशी करायला. काय सांगायचं ते तुला ठाऊक आहेच."

"ते तू मला शिकवतेस?" मावशी म्हणाली.

तीन आठवड्यांनी प्रॅट नावाच्या तपासनिसाचा फोन आला. "मिस स्टिडम, तुम्ही त्या खोऱ्यात राहत होता ना, नक्की?"

"हो. का?"

"आठ घरं फिरलो. लेटा हे नाव कुणी ऐकलेलंच नाही. एका आजोबांनी सांगितलं, इकडे स्टिडम आडनावच नाही. त्यांच्या पत्रपेटीवर स्टिडम लिहिलं होतं."

लेटाने कपाळाला हात लावला. चोरून दारू गाळायचे आणि सरकारी धाडींचे दिवस कधीच सरले होते, पण कोटवाल्या सरकारी माणसाला काय सांगायचं, हे तिथल्या पोरांना अजून पाढ्यांआधी येई. सहाव्या वर्षी तिनेच जनगणनेच्या माणसाला सांगितलं होतं, "आम्हाला आजोबा नाहीत." आजोबा मागेच उभे होते. त्या दिवशी त्यांनी तिला खांद्यावर बसवून खोरंभर मिरवलं होतं.

शनिवारी ती स्वतःच प्रॅटना घेऊन गेली. मावशी ओसरीवर घेवडा निवडत होती.

"मावशी, यांना सांग मी कोण ते."

मावशीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या बाईला मी जन्मात पाहिलेलं नाही."

"अगं, नोकरी जाईल माझी!"

"बिचारी," मावशी प्रॅटना म्हणाली. "कुणाची कोण जाणे. बसा, उन्हातून आलात."

तिने आतून खायला आणलं. प्रॅटना मक्याचा पाव, लोणी, मध. लेटापुढे न विचारता टवका उडालेला निळा पेला आला: पाव ताकात कुस्करलेला, वर मिरपूड, लांब दांड्याचा चमचा. खोरं सोडल्यापासून सात वर्षांत असं कुणी करून दिलं नव्हतं. पहिल्याच घासाला लेटाचे डोळे भरले.

"ओळख नाही," प्रॅट सावकाश म्हणाले, "मग हिला असंच लागतं, हे कसं कळलं?"

"चेहऱ्यावरून," मावशी म्हणाली, आणि सवयीने एप्रनच्या टोकाने लेटाचं तोंड पुसलं.

प्रॅटनी वहीत लिहिलं, 'ओळख पटली.' वही खिशात टाकून ते गाडीकडे निघाले.

ते लांब गेलेले पाहून मावशीने लेटाचा दंड धरला. "काय गं, त्या प्रयोगशाळेत तुला काम तरी काय असणार?"

"कुठल्या प्रयोगशाळेत?" लेटा बोलून गेली.

मावशीने तिच्याकडे अगदी आजोबांसारखं पाहिलं. खांद्यावर घेणं मात्र आता तिच्या गुडघ्यांना झेपण्यासारखं नव्हतं.