सुपारीवरचे दात

आमचे शेजारी अप्पा सुपारी हातात आली की आधी तिच्यावरचे दात बघत. दात म्हणजे वटवाघळाचे. केळशीत दिवाळीच्या सुमारास पोफळी पिकायला लागतात आणि तिन्हीसांजेला वाघळं येतात. पिकल्या फळाची केशरी साल चघळायची आणि आतली सुपारी टाकून द्यायची, ही त्यांची रीत. टाकलेली सुपारी सकाळी वेचायची, ही आमची. अप्पांनी मात्र त्याचं शास्त्र केलं होतं.

पोफळी अप्पांच्या, पण वाघळं जेवायला बसत आमच्या दोघांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडच्या माझ्या आंब्यावर. त्यामुळे रोज सकाळी टोपली घेऊन अप्पा आमच्या अंगणात हजर. "वहिनी, येऊ का?" असं विचारेपर्यंत निम्मं अंगण वेचून झालेलं असे. मग एकेक सुपारी माझ्या नाकासमोर धरायची. "दात बघा, मास्तर, दात. ही डावखुरीची. परवापासून तिला भूक नाही हो."

मी शाळेत शास्त्र शिकवायचो, पण वाघूळ डावखुरं असतं हे मला ठाऊक नव्हतं. एका वाघळीचं नाव त्यांनी विहीणबाई ठेवलं होतं, कारण ती प्रत्येक सुपारी जराशी चावून नापसंत करी. हे सगळं ऐकता ऐकता दोन कप चहा व्हायचा आणि माझी आंघोळ रखडायची.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. कौलांवर वाघळांची घाण फार व्हायला लागली म्हणून मी आंब्याची ती फांदी तोडून घेतली. अप्पा पलीकडून नुसते बघत उभे होते. वाघळं दुसरीकडे गेली. आता वेळेवर आंघोळ होणार म्हणून मी खूश, तर दुसऱ्या दिवशी अंगणात सुपाऱ्या होत्याच. थोड्या, दहा-बारा. आणि "वहिनी, येऊ का?" हेही होतंच.

दिवाळीत खेडहून माझे मेहुणे सहकुटुंब आले, बरोबर रेडिओ-टेपचा नवाकोरा टू-इन-वन घेऊन. पण अप्पा आले आणि पोरांनी तोसुद्धा बंद केला. पाहुण्यांसमोर अप्पांना रंग चढला. विहीणबाईची नक्कल चालू असताना मी पायाजवळची एक सुपारी उचलली. साल गुळगुळीत, साधा ओरखडा नाही. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. वर्गात कॉपी पकडावी तशा आवाजात मी म्हणालो, "अप्पा, ह्यांच्यावर दात कुठायत?"

मेहुणे हसले, पोरं हसली, मीही हसलो. अप्पांनी टोपली होती तिथेच खाली ठेवली आणि काहीतरी काम आठवल्याचं पुटपुटत गडग्याला वळसा घालून ते घरी गेले. चहा तसाच राहिला.

"काकू गेल्यापासून अप्पांकडे चहा एकट्याचाच असतो," बायको कप उचलताना म्हणाली. मुलगा-सून मुंबईला, येणार ती मे महिन्यात. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? स्वतःच्याच सुपाऱ्या शेजाऱ्याच्या अंगणात टाकून त्या वेचायला येणाऱ्या माणसाला मी चारचौघांत पकडलं होतं. मला माझीच लाज वाटली.

आठवडाभर अप्पा आले नाहीत. आंघोळ वेळेवर होत होती. गडग्याजवळून जाताना माझी मान आपोआप खाली जायची. माफी मागायची म्हणजे तोच विषय पुन्हा काढायचा, ते तर आणखी वाईट.

शेवटी एका सकाळी आमच्या न्हाणीमागच्या एकुलत्या पोफळीच्या पाच सुपाऱ्या मी गडग्यावरून त्यांच्या अंगणात टाकल्या आणि त्यांचीच टोपली घेऊन पलीकडे गेलो.

"अप्पा, येऊ का? वाघळांनी आमच्या सुपाऱ्या तुमच्याकडे टाकल्यात."

अप्पा बाहेर आले. वाकून त्यांनी एक सुपारी उचलली आणि अंगठ्याने फिरवून फिरवून पाहिली. माझे कान तापले.

"दात नाहीत," ते म्हणाले.

मी टोपली पुढे धरली.

"म्हातारं असेल हो बिचारं," असं म्हणत त्यांनी ती सुपारी माझ्या हातातल्या टोपलीत टाकली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.