नाकातले आभार

कुवेतजवळच्या मंगफमधल्या एकाच इमारतीत समोरासमोर राहणारे धैर्यशील आणि लिन एकाच ऑफिसात होते. पण धैर्यशीलच्या बायकोच्या, प्राचीच्या ऑपरेशनच्या वेळी उपयोगी पडली ती लिनची आई. मुलाकडे राहायला आलेल्या या तैवानी आजीनं त्यांच्या लेकीला, छोट्या उर्वीला न्हाऊमाखू घातलं, पेज भरवली आणि प्राचीला अंथरुणातून उठू दिलं नाही. आता नातीच्या लग्नासाठी ती आज संध्याकाळच्या विमानानं परत निघाली होती.

"त्यांचे आभार त्यांच्याच भाषेत मानायचे," प्राचीनं धैर्यशीलला बजावलं होतं. "थँक्यू म्हणून मोकळं व्हायचं नाही. सख्ख्यांनी केलं नसतं इतकं केलंय त्यांनी."

धैर्यशील पडला अकाउंटंट. 'कामस्या' हा आभाराचा तैवानी शब्द त्यानं सुटा सुटा करून घोकला: क, आ, म, स, या. लिननं तो ऐकला आणि हसत सुटला.

"असे लांब लांब उभे करू नकोस त्यांना. पुढे म येतोय हे आ ला आधीच कळतं, तो जरा नाकात शिरतो. या जवळ आला की स पण श कडे झुकतो. शेजाऱ्याचा परिणाम होतोच."

ते नाकाचं प्रकरण काही जमेना. नाक दाबून म्हणा, म्हणजे हवा कुठून जाते ते कळेल, असा सल्ला नेटवर कुणीतरी दिला होता. ऑफिसातून येताना दोन्ही हात स्टिअरिंगवर, म्हणून पठ्ठ्यानं कपडे वाळत घालायचा चिमटाच नाकाला लावला. घरी पोचला तेव्हा नाक लालबुंद झालं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आजी सुटकेस घेऊन लिफ्टपाशी उभीच होती. धैर्यशीलनं तोंड उघडलं, "का…" आणि सटासट शिंकला. आजीनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि सुटकेस सोडून थेट प्राचीच्या स्वयंपाकघरात शिरली. आलं कुठं असतं ते धैर्यशीलपेक्षा तिलाच नीट ठाऊक होतं.

"नाकाला काय झालं रे?" प्राचीनं विचारलं.

"चिमटा लावला होता."

"लोकांना पडसं होतं. तू ओढवून घेतलंस."

आल्याच्या काढ्याचा वाफाळता कप हातात आला. बोलणं जमत नाही तर निदान पाया तरी पडू, म्हणून धैर्यशीलनं कप दारातल्या स्टुलावर ठेवला आणि तो वाकला. आजीला वाटलं, हा कोसळतोय. तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं आणि मुलावर ओरडली.

लिन पांढराफटक पडला. "याला असा टाकून मी जाणार नाही, म्हणते. तिकीट बदल म्हणते."

"अहो, लग्न आहे ना त्यांच्या नातीचं," प्राची रडकुंडीला आली. "उर्वी, आजीला नमो कर बघू."

उर्वीनं आजीच्या पावलांवर डोकं टेकवलं. मघाशी धैर्यशील कशासाठी वाकला होता ते आजीला आता कळलं. तिनं पोरीला उचलून घट्ट धरलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाली, "कामस्या." पोरीचे आईबाप जे म्हणायला आले होते, तेच.

लिननं सुटकेस लिफ्टमध्ये ढकलली. पोरीला खाली ठेवून आजीही आत शिरली.

"अरे, आता तरी बोल," प्राचीनं धैर्यशीलला कोपरानं ढोसलं.

"का…"

लिफ्टचं दार लागता लागता आजीनं स्टुलावरच्या भरल्या कपाकडे बोट दाखवलं. उर्वीला औषध पाजताना प्राची जे म्हणते तेच, 'गप'चा प 'बस'च्या ब ला अगदी प्राचीसारखाच चिकटवून ती म्हणाली,

"गब्बस. पी."