केरोपंतांचं कोरडं गलबत

एका जंगलात, नदीच्या सखल काठावर, केरोपंत नावाचं एक साळिंदर राहत होतं. मुलांनो, नावाला हसू नका. गोष्ट संपली की हसायचं का रडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

केरोपंतांना छंद होता, लाकडाची इवलीशी गलबतं करण्याचा. इवलीशी, पण हुबेहूब. डोलकाठी म्हणून स्वतःच्या पाठीचा काटा. दोरखंड म्हणून कोळ्याचं सूत. सुकाणू फिरलं पाहिजे, नांगर खाली सोडता आला पाहिजे. खलाशाच्या खोलीत चटई हवी, आणि चटईला किनार हवी. बाहेर बायको जेवायला हाका मारून दमे आणि हे आत चटईची किनार विणत बसत. नदीत मात्र केरोपंतांनी जन्मात पाय बुडवला नव्हता. त्यांना सर्दी होई.

छंद वाईट नसतो, मुलांनो. रिकाम्या डोक्यानं दुसऱ्याच्या उचापती करण्यापेक्षा काड्या चिकटवलेल्या बऱ्या. पण त्या जंगलाची अक्कलच गहाण पडलेली. गलबतं करतो म्हणजे याला पाण्यातलं सगळं कळतं, असं एकानं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग पुराबद्दल काही विचारायचं झालं की सिंहमहाराज केरोपंतांना बोलावू लागले.

त्या जंगलात एक खरी होडीही होती. नदी चढली की हा काठ पाण्याखाली जाई, आणि गोदाक्का नावाचं पाणमांजर सगळ्यांना होडीतून पलीकडच्या टेकडीवर नेऊन सोडी. यंदा होडीच्या तळाची फळी कुजली होती. गोदाक्कानं दरबारात येऊन सांगितलं की सागाची एक फळी द्या, नाहीतर होडी टिकायची नाही. कोठारात सागाची फळी होती एकच. आणि केरोपंतांना नव्या गलबतासाठी नेमकी तीच हवी होती. तळ म्हणे सलग लाकडाचाच लागतो, जोड दिसला की जाणकार नाकं मुरडतात.

दरबारानं पुष्कळ विचार केला. म्हणजे जांभया दिल्या. तेवढ्यात केरोपंत हळूच म्हणाले की नव्या गलबताचं नाव ‘सिंहविजय’ ठेवायचं मनात आहे. झालं, फळी केरोपंतांना मिळाली. गोदाक्काला चिखल आणि पळसाची पानं लावून भागवून घ्यायला सांगितलं.

‘सिंहविजय’ तयार झालं तेव्हा पाण्यात सोडायचा मोठा समारंभ ठेवला. नारळ आला, कुंकू आलं, माकडांनी वाजंत्री आणली. आणि ऐन वेळी केरोपंत म्हणाले की गलबत भिजलं तर रोगण जाईल. आता काय करावं? मग पाटावर ठेवलेल्या गलबताच्या भोवती पळीनं पाणी फिरवलं, नैवेद्याच्या ताटाभोवती फिरवतात तसं. जलावतरण झालं म्हणून टाळ्या पडल्या. सांगताना अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मग पूर आला. पुराला आमंत्रण लागत नाही.

सगळे काठावर धावले. पहिल्या खेपेला होडीत सिंहमहाराज बसले, ते ठीकच. त्यांच्यापाठोपाठ केरोपंत चढले, आणि केरोपंतांच्या शेजारी पाटासकट ‘सिंहविजय’. होडी भरली. काठावर यमुना नावाची सशीण उभी होती, पायाशी नुकती डोळे उघडलेली पिल्लं घेऊन. त्यांतलं तिळू सगळ्यात धाकटं आणि अंगानं अगदी किरकोळ. यमुना म्हणाली, गलबत मांडीवर घ्या, तेवढ्या जागेत माझी पोरं मावतील. केरोपंत म्हणाले, शिडं चुरगळतील.

“मग निदान तिळूला तरी त्या गलबतात ठेवा,” यमुना म्हणाली. “मूठभर तर जीव आहे. मावेल.”

“मावेल हो,” केरोपंत समजुतीनं म्हणाले. “पण प्रमाण बिघडेल, यमुनाबाई. या गलबताच्या हिशेबानं तुमचं पिल्लू हत्तीएवढं होतं.”

सिंहमहाराज हसले. महाराज हसले म्हणून सगळे हसले. होडी निघाली.

गलबत टेकडीवर सुखरूप पोचलं. परत येताना मध्यावर चिखल सुटला, पानं निघाली आणि होडी तळाला गेली. गोदाक्का पोहत काठावर आली. मोठे प्राणी आपापल्या पायांनी पाणी तोडत निघाले. सशाची पिल्लं गोदाक्का एकेक करून तोंडात धरून नेऊ लागली. शेवटी यमुना आणि तिळू उरली. गोदाक्का त्यांच्यासाठी वळली तेव्हा काठच नव्हता. यमुना एका ओंडक्याला चिकटलेली सापडली. तिळू सापडलं नाही.

पूर ओसरल्यावर दरबार भरला. ‘सिंहविजय’ला पाण्याचा थेंबही लागू दिला नाही म्हणून केरोपंतांना शाल मिळाली. राजाची होडी बुडवली म्हणून गोदाक्काकडे खुलासा मागण्यात आला. आणि पुराची आठवण राहावी म्हणून केरोपंतांनी त्या होडीचीच प्रतिकृती करावी, असं ठरलं. सागाची नवी फळी त्यासाठी लगेच आली.

केरोपंतांना हुबेहूबपणाची फार काळजी. ते स्वतः यमुनेच्या बिळापाशी गेले आणि त्यांनी विचारलं, तिळूचे कान उभे होते की पडलेले? यमुना म्हणाली, उजवा उभा, डावा पडलेला. केरोपंतांनी मान हलवली आणि निरोप घेतला.

प्रतिकृती पाहायला सगळं जंगल लोटलं. होडी अगदी तीच. वल्ह्याला गोदाक्का, काठावर यमुना, आणि होडीत, गलबताच्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढं तिळू. डावा कान पडलेला. यमुना पुढे झाली आणि तिनं पंजा लांब केला.

“हात नका लावू हं, रोगण ओलं आहे,” केरोपंत म्हणाले. “पण बघा, आता कसं प्रमाणात बसलंय.”

तात्पर्य : मुलांनो, बुडत्याला काडीचा आधार असतो. मात्र काडी कोरीव आणि रोगण दिलेली असावी, आणि बुडत्यानं ती लांबूनच पाहावी.