गुलाबास खत घातल्याची हकीकत

श्रीभूमातेस दंडवत करून लिहिले जाते ऐसे जे, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, भाद्रपद मासी अंगणप्रांतीचे अधिपती राजमान्य निळोपंत यांजवर संकट गुदरले. पंतांनी स्वहस्ते कलम केलेला गुलाब दोन वर्षे फुलला नव्हता आणि त्यांच्या कुटुंबाने, उमाबाईसाहेबांनी, हुकूम फर्माविला की, दसऱ्यापर्यंत कळी न दिसल्यास गुलाब उपटावा आणि त्या जागी कढीपत्ता लावावा. कढीपत्त्याचे रोप तर कुंडीसकट दाराशी तळ देऊन बसले होते. मग पंतांनी भुईमुगाची पेंड, शेण आणि गूळ मडक्यात पाण्याने कालवून वर फडके बांधिले. आठवडाभर आंबवावे आणि दसपट पाण्यात मिसळून घालावे, हा नेम पंतांस मुखोद्गत. परंतु जिवास स्वस्थता कैची? प्रहरा-प्रहरास फडके सोडावे, ढवळावे, हुंगावे, आणि दर्प ऐसा सुटला की शेजारचे राज्य खिडक्या लावून बसले.

मग नेमाप्रमाणे खत घातले, तरी चित्त थाऱ्यावर येईना. रोज पहाटे खुरपे घेऊन मुळाशी उकरावे, खत मुरले की नाही पाहावे, माती लोटावी आणि पुन्हा उकरावे. तेणेकरून पाने मलूल जाहली. तेव्हा बाईसाहेब ओसरीवर येऊन बोलिल्या, "जेवल्या माणसाचं पोट कुणी उघडून बघतं का? अहो, पचू द्या की त्याला."

पंत बोलिले, "दसरा तोंडावर आला."

"हुकूम माझा आहे, दसरा मी बघेन. खुरपं इकडे द्या."

शस्त्र गेले, मग पंत ओसरीवर येरझारा घालू लागले, पायरीपर्यंत जावे आणि परतावे, घास गोड लागेना. आणि नवमीस सकाळी शेंड्यास हरभऱ्याएवढी कळी दिसली. पंत उरल्या खताचे मडके उचलून धावले, आणि बाईसाहेब आडव्या उभ्या राहिल्या.

"थेंब घालाल तर याद राखा."

परंतु हाती घेतले मडके रिते केल्यावाचून पंतांस चैन पडेना, आणि पाणी मिसळण्याची सबुरी तो कधीच सरली होती. तेव्हा मडके तैसेच दाराशी नेऊन कढीपत्त्यावर पालथे केले.

येणेप्रमाणे गुलाबाचे राज्य कायम जाहले आणि कढीपत्ता कोजागिरीपूर्वीच धारातीर्थी पडला. गुलाबास पंतांपासून बाईसाहेबांनी राखिले. कढीपत्त्यास राखणारे कोणी नव्हते.