चारशेबारावी पायरी

जग निर्माण करणाऱ्याला त्या जगाबद्दल जाब द्यावा लागतो. देवाला यातून सूट आहे, कारण त्याच्या कामाची दुसरी आवृत्ती निघत नाही.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या लेखकांना ही सूट नव्हती. त्यांनी पहिली चार पुस्तकं विज्ञानकथांची लिहिली. (ती मी शिवली, माझा धंदा पुस्तकबांधणीचा. आत काय आहे, याची चौकशी शिवणारा करत नाही.) खिशात मावणारा फोन, माणूस ओळखणारं कुलूप, असं त्यांत पुष्कळ होतं. पुढे ते सगळं बाजारात आलं आणि ग्रंथपालाने ती पुस्तकं उचलून 'गृहोपयोगी' कपाटात ठेवली. लेखक शहाणे झाले. जे कधीच खरं होणार नाही तेच लिहायचं, असं ठरवून त्यांनी एका अद्भुत राज्याची कथा सुरू केली. तिथे साप उडत, झाडं साक्ष देत आणि दरबारात केलेल्या अर्जाला उत्तर येई. सात खंड झाले.

दुसऱ्या खंडात राणीच्या मनोऱ्याला चारशे बारा पायऱ्या होत्या. सातव्यात चारशे अकरा.

त्या महिन्यात एक हजार नऊशे चाळीस पत्रं आली. पैकी सभ्य बाराशे, आकृतीसह एकोणीस, रक्ताने लिहिलेलं एक (तपासाअंती लाल शाई निघाली). वाचकांचं म्हणणं बिनतोड होतं. राणीने शपथ घेतली ती शेवटच्या पायरीवर. ती पायरीच नसेल, तर राणी हवेत उभी होती. हवेत घेतलेली शपथ टिकत नाही. म्हणजे राणी बेकायदा, युवराज बेकायदा, आणि तिच्या हुकमाने लढून मेलेले साठ हजार सैनिक फुकट मेले.

आता आमच्या जिन्याबद्दल. दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्याकडे जाताना पाचवी पायरी लागत नाही. होती, अकरा वर्षांपूर्वी पडली. (शेजाऱ्यांनी का बसवली नाही, असं विचाराल. आम्हाला उडी येते.) लेखकांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, गुडघ्यांमुळे आता उडी येत नाही. दीड वर्ष त्या खाली उतरलेल्या नाहीत. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळून आहे. तिची खाट खिडकीशी आहे.

"जेवलीस का गं?" वहिनी वरून ओरडतात.

"जेवले. तू?"

याच्यापुढचं काही रस्त्यापलीकडे ओरडून बोलता येत नाही. वहिनींना एकदा त्या खाटेवर बसायचं आहे.

लेखकांनी दुरुस्ती खात्याला पाच अर्ज केले. पाचव्याला उत्तर आलं. 'नकाशात सदर पायरी शाबूत आहे. सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही.'

मग वाचकांची पायरी शोध समिती आली. दोन इंजिनियर, एक वकील, मनोऱ्याची लाकडी प्रतिकृती करण्यासाठी दोन महिने काम बंद ठेवलेला एक गवंडी, असे एकतीस जण एकामागून एक उडी मारून वर आले. अध्यक्ष दुरुस्ती खात्याचे मोठे साहेब होते. अर्जाच्या उत्तरावर सही त्यांचीच.

"सर, पायरी कुठे गेली?" साहेबांनी हात जोडून विचारलं.

"अहो, मोजताना चुकलो."

"इतक्या जबाबदारीच्या जागी बसून?"

वहिनींनी गवंड्याला गाठलं. "बाबा रे, हात चांगला आहे तुझा. आमच्या जिन्यातली तेवढी एक बसवून दे ना."

गवंडी नम्र माणूस. त्याने वही काढली. "काकू, कुठल्या खंडातली?"

यावरून लेखकांना युक्ती सुचली. आठव्या खंडात त्यांनी राणीच्या म्हाताऱ्या दाईला तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. पाचवी पायरी नाही, रस्त्यापलीकडे आजारी बहीण, भिंतीवरची ओलसुद्धा आमचीच. इमारतीचा पत्ताही तळटीपेत दिला. दाई जिन्यात उभी राहते आणि प्रकरण संपतं.

"आता बघ," ते म्हणाले. "महिन्याभरात उतरशील."

"तुमच्या तोंडात साखर पडो," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ठेवणीतल्या चपला पुसून दाराशी ठेवल्या.

माणसं धावली. थापी कुणी आणली नाही, फुलं आणली. दुरुस्ती खात्याने असामान्य तत्परता दाखवून हुकूम काढला, की सदर तुटकी जागा हा वाङ्मयीन ठेवा असून तिथे पायरी बसवणं गुन्हा समजला जाईल. गवंड्याने पदरमोड करून पितळी पाटी बसवली (काम चोख) आणि भोवती दोरी बांधली. दोरीमुळे उडी आता वीतभर लांब मारावी लागते.

लेखकांनी घाईघाईने नवव्या खंडात ती पायरी दुरुस्त केली. वाचकांनी खंड परत पाठवला. त्यांचं म्हणणं, हे मनाला पटत नाही. अशी पायरी कोणी बसवत नसतं.

हल्ली रोज दहा ते पाच माणसं जिन्यात उभी राहून दाईचं प्रकरण मोठ्याने वाचतात आणि रडतात. परवा वहिनी चपला घालून वरच्या पायरीवर आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"जरा धरता का कुणी? दोघं असलात तर उतरेन मी."

"काकू, थोडं मागे सरा," डोळ्यांना रुमाल लावलेली एक बाई म्हणाली. "वाचन चाललंय."

वहिनी मागे सरल्या.

मला त्या लोकांचा राग नाही. ती हळवी माणसं आहेत. तुम्हीही असाल, इथवर येताना त्या दोघी बहिणींसाठी तुमचा जीव थोडा हलला असेल. जीव हलला की काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि माणूस पान उलटतो. मला हे वाचायला लागल्यावर समजलं. मी अक्षरं फार उशिरा शिकलो, बावन्नाव्या वर्षी. त्याआधी कुणी हात पुढे केला, तर तो धरावाच लागायचा. दुसरा इलाज नव्हता.

तुम्ही तर लहानपणीच शिकला असाल.