पाय अडकला, तेव्हाची गोष्ट

“यात घाबरण्यासारखं काय आहे? मशीन काउंटरवर ठेवायचं, पावती पुढे करायची आणि ताठ मानेनं बाहेर पडायचं!” असं बायकोला सुनावून ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर घरातून निघाले. काखेत पायांना मसाज करणारं मशीन होतं. आदल्या दिवशी त्या मशीननं सासूबाईंचा पाय असा धरला होता, की सोडवता सोडवता घरादाराला घाम फुटला होता.

दुकान कसलं, विमानतळच तो! टीव्हीच्या भिंतीमागून भिंती. ‘माल परत’चा काउंटर पार टोकाला. तिथवर पोहोचेपर्यंत मास्तरांची मान थोडी वाकली होती.

“प्रॉब्लेम काय आहे?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

“पाय धरतं आणि सोडत नाही.”

मुलीनं मशीन लावलं, चप्पल काढून स्वतःचा पाय आत घातला. मशीननं तिचा पाय लाडानं चेपला आणि अलगद सोडला.

“सोडतंय की!”

मागे रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरांना ते लागलं. “असं नाही, सगळी बटणं वापरून बघावी लागतात!” म्हणत ते स्टुलावर बसले, डावा पाय पँटीसकट आत खुपसला आणि दिसेल ते बटण दाबत सुटले.

मशीननं पाय धरला. मग आवळला. मग आणखी आवळला.

“बघा! बघा, नाही सोडत!” मास्तर आनंदानं ओरडले. दुसऱ्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं, की खरंच सोडत नाहीये.

मुलीनं बटणं दाबली. काही नाही. वायर उपटली. मशीन बंद पडलं, पण पाय आतच. मास्तरांच्या कपाळावर घाम, पायाला मुंग्या. भोवती हा घोळका! एका काकूंना वाटलं जाहिरात चाललीये. “आराम वाटतो का हो?” त्यांनी वाकून विचारलं.

दुकानातल्या मेकॅनिकला बोलावणं गेलं. आली ती एक तरुणी. तिला बघताच मास्तरांनी पुन्हा एकदा पाय ओढून पाहिला. ही त्यांचीच शिष्या! ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणारी! हिच्याच शेजारी बसून त्यांनी पानाच्या टपरीचं दर्शन फार जवळून घेतलं होतं.

“मास्तर, तुम्ही? घाबरू नका हं, मी आहे ना!”

मास्तर त्यामुळेच घाबरले.

तिनं गुडघे टेकून, टॉर्च मारून आत पाहिलं. चेहरा गंभीर केला आणि मॅनेजरला बाजूला घेतलं. पण मास्तरांचे कान शाबूत होते.

“आत पार गुंडाळलं गेलंय. गुडघ्याखाली कापावं लागेल.”

“परस्पर नको,” मॅनेजर कुजबुजला. “उद्या भरपाई मागतील. घरच्यांना विचारा.”

मास्तरांना दुकानातले सगळे टीव्ही गरगर फिरताना दिसू लागले. क्लच! आता क्लच कोणत्या पायानं दाबायचा?

काउंटरवरची मुलगी फोन घेऊन लांब गेली, बोलत बोलत परत आली आणि मॅनेजरला ऐकू जावं म्हणून तिनं स्पीकर लावला. मास्तरांच्या धर्मपत्नीचा आवाज खणखणीत आला :

“कापा की! विचारता काय? कधीचं टाकून द्यायला सांगतेय मी, ऐकतील तर शपथ!”

“अगं!” मास्तरांनी टाहो फोडला. “इतक्या वर्षांचा संसार! एकदा तरी डॉक्टरांना विचार!”

“डॉक्टर कशाला? मी उरलेलं कापून पिशवी शिवीन!”

मास्तरांनी डोळे गच्च मिटले. कात्री उघडल्याचा आवाज आला. गार पातं नडगीला लागलं. त्यांनी अशी आरोळी ठोकली, की लांबच्या फ्रिजमागून दोन माणसं धावत आली. कर्र... कर्र... कर्र...

“ओढा!”

मास्तरांनी ओढलं. पाय सुळ्ळकन बाहेर आला. पाची बोटं जागच्या जागी! मास्तरांनी ती दोनदा हलवून पाहिली. मशीनमध्ये राहिला होता तो पँटीचा डावा पाय, गुडघ्यापासून खालचा.

घोळक्यानं टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी शिष्येचे दोन्ही हात धरले. आणि जोरजोरात हलवले.

“आता तरी पटलं ना? घ्या परत!” मग ते मॅनेजरला म्हणाले.

शिष्येनं मशीन आपल्याकडे फिरवलं, एक बारीकसं बटण क्षणभर दाबून धरलं. मशीननं फुस्स करून श्वास सोडला.

“मास्तर, हे लॉक आहे. लहान मुलांनी खेळू नये म्हणून. तुम्ही ते दाबलंत. मशीन एकदम ठणठणीत आहे.”

“ठणठणीत माल आम्ही परत घेत नाही,” मॅनेजर नम्रपणे म्हणाला.

घरी बायकोनं दार उघडलं. आधी काखेतल्या मशीनकडे पाहिलं, मग उघड्या नडगीकडे.

“म्हणजे मशीन द्यायला गेलात आणि पँट देऊन आलात?”

“अर्धीच,” मास्तर म्हणाले आणि तिच्या बगलेतून पटकन आत सटकले.