तीन आकड्यांत शेवट सांगणारे खिल्लारे सर

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि त्या अख्ख्या वर्षात खिल्लारे सरांनी माझी एकही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली नाही. तीन वाक्यं झाली की हात वर. "कळलं बापू. म्हैस सापडली, पण सोयऱ्याच्या गोठ्यात." आणि नेमकं तेच असायचं. लय राग यायचा.

सर झरी गावात माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. गणिताचे मास्तर, आता रिटायर. दिवसभर लॅपटॉपवर सॉफ्टवेअर लिहितात आणि जगाला फुकट वाटतात. कशाचं, तर कधीच न संपणाऱ्या बेरजांचं. मी विचारलं, संपत नाही ती करायची कशाला? म्हणाले, बेरीज संपत नाही, पण कुठंतरी टेकायला जाते. तो आकडा कंप्यूटरनं झटक्यात काढावा, एवढाच माझा उद्योग. "शेवट दिसायलाय, मग चालत कशाला जायचं?"

हा उद्योग ते गावावरही करायचे. पुढाऱ्याची तीन वाक्यं ऐकून उठायचे, "शून्याकडं चाललंय," म्हणून. माळाकडचा रस्ता पहिल्या वर्षी दोन किलोमीटर झाला, दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी अर्धा. सरांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, हा चारावर टेकणार. माळ पाचावर हाय, तवा माळाला विसरा. सरपंच तणतणले. रस्ता अजून चाराच्या अलीकडंच आहे.

एकदा त्यांनी मला एक बेरीज दाखवली. एक पाऊल जास्तीकडं, एक कमीकडं. हजार पावलं टाका, तरी आकडा डुलतोच. त्यावर सरांची युक्ती अशी, की लागोपाठच्या दोन आकड्यांचा मध्य घ्यायचा, मग त्या मध्यांचे मध्य. दहाबारा पावलांत काम फत्ते.

मला हसू आलं. सेलूच्या कापूस बाजारात मी तीस वर्षं मापाडी होतो. काटा थांबायची वाट बघितली असती तर निम्म्या गाड्या तशाच परत गेल्या असत्या. डावीकडं कुठवर गेला, उजवीकडं कुठवर, की मधला आकडा पुकारायचा. मी तिसरी नापास माणूस. सर माझ्याकडं वळून बसले. मग म्हणाले, "बापू, तुमी शिकला असता तर मला घरी बसवलं असतं." हे वाक्य मी गावात निदान पन्नास जणांना ऐकवलं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर सुमनबाईंना, म्हणजे सरांच्या बायकोला, लकवा मारला. उजवा पाय गेला. दवाखान्यातून आल्यावर सर त्यांना रोज चालवायचे. बाईंचा हट्ट एकच, की अंगणाच्या दारापर्यंत आपल्या पायानं जायचं आणि बाहेर बायकांत बसायचं. खाटेपासून दार बावीस पावलं.

पहिल्या आठवड्यात आठ पावलं झाली. दुसऱ्यात बारा. तिसऱ्यात चौदा. मी म्हटलं, वा, वाढायलीत की. सर बाईंना खाटेकडं वळवायला लागले. त्या दिवसापासून त्यांचा लॅपटॉप बंद.

घरी आल्यावर मीच बोटांवर हिशेब करत बसलो. चार वाढली, मग दोन. पुढं एक, मग अर्धं. रस्त्याचीच गत, आणि दार बावीसावर. संध्याकाळी गेलो तर सर घरामागं धुण्याच्या दगडावर बसलेले.

"सोळा न्हवं?" मी विचारलं.

"सोळा."

"बाईला सांगितलं?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "आज तिला पंधरा सांगितली बापू. चौदाच होती. रोज एक खोटं मोजायलोय मी."

मी तिथूनच मागं फिरलो. तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरची लोखंडी खुर्ची उचलून सरांच्या अंगणात नेली. खाटेपासून सोळा पावलं मोजून सतराव्यावर मांडली, म्हणजे तिथं टेकून बाईंना उरलेली पावलं नव्यानं मोजता येतील, आणि बाई बसायला येईपर्यंत खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.